दोन तहसिलींमधली कलावती

कलावतीची भांडी पुन्हा फळीवर चढली, तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. भांड्यांत बघायचं काय असतं? पण ही भांडी सगळा उन्हाळा दोन चादरींच्या गाठोड्यांत बांधून दाराशी पडली होती. चुलीपाशी फक्त एक पातेलं, एक तवा आणि दोन ताटं. कुणी विचारलं की कलावती म्हणायची, "बुलडोझर आला तं मी भांडे गोळा करत बसू का?" आता तिने गाठी सोडल्या, माहेरचा पाण्याचा पितळी गुंड चिंचेने घासून लखलखीत केला, फळीच्या मधोमध ठेवला आणि कंबरेवर हात देऊन त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

"चला बाप्पा," ती म्हणाली. "आता मले झोप लागंल."

आणि खरंच, भर दुपारी, बायका दारात उभ्या असताना, ती चटईवर आडवी झाली आणि घोरायला लागली. शेजारच्या बेबीताईने सगळ्यांना हाताने बाहेर काढलं. "जा वं घरी. तिले झोपू द्या. लय भांडली ते."

भांडली हे खरंच. पण कुणाशी भांडायचं हे समजायलाच तिला निम्मा उन्हाळा गेला होता.

कलावती तुमसरकडची. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदीतला 'कितना' एवढा एकच शब्द येत होता, आणि तेवढ्यावर तिने कांचघरच्या बाजारात भाव पाडून घेतले. पुढे भाषा वाढली, तसा रागही वाढला. रेशनवाला मापात मारतो म्हणून एकदा ती स्वतःच त्याच्या काट्यावर जाऊन बसली. "पहले मेरा वजन बता. सही बताया तो चावल तौलना." रांग हसून लोळली. त्या दिवसापासून तो दुकानदार तिला लांबून पाहिलं तरी काट्याचं पारडं पुसून घ्यायचा.

नवरा देवीदास याच्या अगदी उलट. फॅक्टरीत फिटर होता, आता रिटायर. रागावला तर बोलणं बंद, खूश झाला तरी बोलणं बंद. कोणतं बंद कशासाठी आहे हे ओळखायला कलावतीने अर्धं आयुष्य घातलं.

त्यांची वस्ती म्हणजे रमाई टोला. कांचघरच्या पुढे, फॅक्टरीच्या वाटेवर घरांची एकच ओळ, आणि ओळीच्या टोकाला विहार. सगळी माणसं भंडारा, नागपूर, गोंदियाकडून आलेली, फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत लागलेली. या घरांना सरकारी पट्टे, म्हणजे जागेचे कागद, मिळाले तेव्हा नाला घरांच्या मागे होता. शहराकडून येताना आधी घरं लागायची, मग नाला, नाल्यावर पुलिया, छोटा दगडी पूल, आणि पुलिया ओलांडली की फॅक्टरीची वाट. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग त्या पुलियावरून खडखडत जायची.

नवीन लग्न झालेली कलावती दुपारच्या भोंग्याला डबा घेऊन तिथेच जायची. घरात एकच खोली, तीत सासू, सासरे, दोन दीर. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर पुलियाचा कठडा. तो जेवायचा, ही बोलायची. खाली पाणी वाहायचं, त्यात पोरं शंख-शिंपले गोळा करायची. कलावतीच्या संसारात प्रेम म्हणावं असं जे काही झालं, ते त्या कठड्यावर झालं.

मग वरच्या अंगाला कुणाचं तरी मोठं गोदाम उभं राहिलं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी त्यात शिरायला लागलं. लगेच यंत्रं आली आणि सरळ चर खोदून नाला घरांच्या पुढून काढून दिला. टोल्यातल्या कुणाला विचारलं नाही. गरिबाच्या दारासमोरून घाण पाणी न्यायला परवानगी लागत नाही. मागच्या जुन्या पात्रात मलबा पडला, मलब्यावर रस्ता झाला, रस्त्याकडेला दुकानं झाली. पाच-सहा पावसाळ्यांत तिथे कधी पाणी होतं हे सांगूनही खरं वाटेना.

इथपर्यंत ठीक होतं. डास वाढले, वास वाढला, पण घर घराच्या जागी होतं.

खरी गंमत पुढे झाली. लोकांना वाटतं सरकार म्हणजे भोपाळ. नाहीतर सरकार म्हणजे नगर निगम, नळ आणि कचरागाडी. पण आपल्या पायाखालची जमीन कुणाची, हे ठरवणारं सरकार या दोघांच्या मधल्या मजल्यावर बसतं. तिथे जिल्हा, जिल्ह्याच्या पोटात तहसील, तहसिलीच्या पोटात पटवाऱ्याचा, म्हणजे तलाठ्याचा, हलका. जातीचा दाखला तिथून, पट्टा तिथून, आणि घर खाली करायचा बेदखलीचा हुकूमही तिथूनच. भोपाळला मत देता येतं, निगमला मत देता येतं. या मधल्या मजल्याला कुणी मत देत नाही, म्हणून तो मत मागायला दारातही येत नाही. आपणच चपला झिजवत त्याच्या दारात जायचं.

तर काही वर्षांपूर्वी शहराच्या या बाजूला तहसिलीचे तुकडे झाले. हेतू चांगला होता, लोकांना लांब जावं लागू नये. सीमाही सोपी ठरवली: नाल्याच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, जुनी तहसील, पलीकडे नवी. आता नाला म्हणजे कोणता? घरांच्या मागचा, जो गेला? की पुढचा, जो आणला? हे कुणीच लिहिलं नाही, कारण ठरवणाऱ्यांपैकी कुणी रमाई टोल्यात येऊन उभं राहिलं नव्हतं. साहेबलोक खुर्चीवरून नकाशावरची निळी रेघ बघतात.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी नव्या तहसिलीची माणसं आली. पावसाळ्याच्या आत नाल्याचे काठ मोकळे करायचे होते. त्यांनी काठावरच्या घरांच्या दारांवर पाडायची खूण म्हणून लाल रंगाने फुल्या मारल्या. कलावतीच्या दारावरची फुली सगळ्यांत मोठी, कारण मारणाऱ्याशी ती भांडत होती आणि त्याचा हात हलला. संध्याकाळी ती रॉकेलचा बोळा घेऊन बसली आणि दाराचा मूळचा रंग जाईपर्यंत घासत राहिली. फुली फिकट झाली, गेली नाही.

पट्टा होता ना? होता. म्हणून देवीदास जुन्या तहसिलीत गेला. तिथला पटवारी म्हातारा, गोड बोलणारा. "दादा, आप नाले के उस पार हो. सीमा नाला है. अब आप हमारे नहीं रहे." मग नव्या तहसिलीत गेला. तिथला पटवारी तरुण आणि घाईत. "पट्टा पुरानी तहसील का है. हमारे यहाँ तो आपका नाम ही नहीं. हमारे हिसाब से आप नाले के किनारे कब्ज़ा हो." वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, त्यातल्या त्यात खरं बोलला. "भैया, ये राजस्व का मामला है. मैं नाली साफ करवा सकता हूँ, तहसील नहीं."

देवीदास घरी येऊन हे एवढंच सांगे आणि दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून परत निघे. आज जुन्या तहसिलीच्या बाकावर, उद्या नव्या तहसिलीच्या.

"अजी, तुमी काय नोकरीले लागले का तिथं?" कलावती एक दिवस म्हणाली. "रोज हजेरी देऊन राहिले."

"साहेब म्हणले, बघतो."

"दोघंही म्हणले?"

"दोघंही."

"मंग दोघंही बघूनच राहिले ना! पाडून झाल्यावरही बघतीन. मोठ्या साहेबाकडं चला. कलेक्टरकडं."

देवीदासने मान हलवली. इथे त्याची फॅक्टरी आडवी आली. ज्याने सगळी उमर कारखान्यात काढली त्याच्या हाडात एक कायदा मुरलेला असतो: फोरमनच्या डोक्यावरून जायचं नाही. गेलास, मॅनेजरने तुझं काम केलंही, तरी उद्या पुन्हा त्याच फोरमनच्या हाताखाली उभं राहायचं आहे. हा कायदा फॅक्टरीत खरा होता, त्यावर त्याची पेन्शन उभी होती. आणि तोच कायदा घेऊन तो दोन तहसिलींच्या मधे सापडला होता.

"पहिले खालून झालं पायजे," तो म्हणाला. "डोक्यावरून गेलं का माणूस बिघडते."

"अन् इथं दोन फोरमन हायेत, तो म्हणते तुयं मशीन त्याच्याकडं, हा म्हणते त्याच्याकडं. मंग?"

देवीदासने बोलणं बंद केलं. हे कोणतं बंद होतं ते कलावतीला बरोबर कळलं.

मध्य प्रदेशात मंगळवारी जनसुनवाई असते. कुणीही उठावं, कलेक्टर कचेरीत जावं, रांगेत उभं राहावं आणि साहेबासमोर आपलं गाऱ्हाणं सांगावं. कलावतीने मंगळवारी नवऱ्याला बाजाराला जाते म्हणून सांगितलं, बेबीताईला आणि आपली लेक श्रद्धा हिला घेतलं आणि ऑटो करून निघाली. श्रद्धा सिव्हिल लाइन्समध्ये एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला. मराठी तिला सगळी समजते, बोलताना मात्र तोंडातून हिंदीच येते.

"आई, संभाल के बोलना हाँ. वहाँ चिल्लाना मत."

"मी कई चिल्लावलं?"

बेबीताई ऑटोत तोंडाला पदर लावून हसली.

खुर्चीवर अपर कलेक्टर मॅडम होत्या. वयाने श्रद्धापेक्षा थोड्या मोठ्या, डोळ्यांखाली काळं, समोर माणसांचा पूर. कलावतीने घरून मोठं भाषण बांधून आणलं होतं. खुर्चीसमोर उभी राहिली आणि सगळं उडालं. एकच वाक्य उरलं, तेच तिने सांगितलं.

"मॅडमजी, हम नाले पे नहीं आए. नाला हमारे पे आया."

मॅडमनी मान वर केली. "मतलब?"

मग कलावतीने सांगितलं. नाला मागे होता. उचलून पुढे आणला. सीमा म्हणजे नाला, मग नाल्याबरोबर आमची तहसीलही उचलून नेली का? आम्ही घरात झोपलो होतो आणि जुन्या तहसिलीतून नव्या तहसिलीत गेलो, असं का? शेवटी शेवटी ती चिल्लावलीच. श्रद्धाने दोनदा पदर ओढला.

मॅडम रागावल्या नाहीत. बाजूच्या माणसाला त्यांनी विचारलं, दोन तहसिलींत वाद असेल तर तहसीलदार कसा ठरवणार? तो म्हणाला, नाही ठरवू शकत मॅडम, वरूनच ठरावं लागेल. "तो ये पहले दिन ही यहाँ आना चाहिए था," मॅडम म्हणाल्या, आणि कलावतीच्या डोळ्यांसमोर देवीदासचे इस्त्रीचे सगळे शर्ट उभे राहिले.

"पुराना नाला कहाँ था, दिखा सकती हो?"

"मैंने अपनी आँख से देखा है."

"आँख का आदेश में क्या लिखूँ, अम्मा? यहाँ हर आदमी आँख से देखा हुआ ही बताता है." त्यांनी पेनाने टेबलावर टकटक केलं. "गुरुवार को दोनों तहसील के लोग मौके पर आएँगे. उनको कुछ ऐसा दिखाओ जिसको हाथ लगा सकें. तब तक कोई कुछ नहीं तोड़ेगा."

परत येताना ऑटोत कलावती अख्खी वाट गप्प होती. बेबीताईला काळजी वाटली. "काय वं, तब्येत बरी आहे ना?"

"हात लावाले काय दाखवू?" कलावती म्हणाली. "पाणी तं वाहून गेलं."

घरी देवीदास दारात उभा होता. बाजारातून बायको पिशवी रिकामी घेऊन, ऑटोने, लेकीसकट आली, यावरून त्याला सगळं समजलं. "आता दोन्ही फोरमन चिडतीन," एवढंच तो म्हणाला आणि विहाराकडे निघून गेला.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सगळा टोला जुना नाला शोधत होता. कुणी म्हणे दुकानांच्या मागे खोदा, रेती लागेल. दुकानदार म्हणे, खोदून तर बघा. कुणी म्हणे जुनं चिंचेचं झाड काठावर होतं. झाड तोडूनही जमाना झाला होता. म्हाताऱ्या माणसांत आपसातच जुंपली, वळण इथे होतं की तिथे.

बुधवारी वंदना झाल्यावर कलावती विहाराच्या ओट्यावर टेकली. या ओट्यावर सगळा टोला बसतो. बारशाची पंगत तिथे, मयताची बैठक तिथे, भांडणाचा निवाडा तिथे. फॅक्टरीतल्या चार मित्रांनी तो सुटीच्या दिवसांत श्रमदानाने बांधला होता: देवीदास, गौतम आणि आणखी दोघं. त्यातला आता देवीदासच उरला आहे. गौतमच्या हाताचं प्लास्टर इतकं गुळगुळीत की पोरं त्यावरून घसरतात. चौघांचा एकच हट्ट होता. जोड दिसता कामा नये. जोड दिसला म्हणजे काम कच्चं.

कलावती पाय खाली सोडून बसली होती. टाचा भिंतीला टेकत होत्या. तिने एक पाय हलवला, मग दुसरा. या उंचीवर पाय असे हलवत ती पूर्वी कुठे बसत होती? मांडीवर डब्याचं झाकण. बाजूला जेवणारा माणूस. खाली पाणी.

ती ताडकन उठली नाही. ती तशीच बसून राहिली आणि शेजारी बसलेल्या देवीदासकडे बघितलं.

"अजी, आपण कायच्यावर बसून राहिलो?"

तो समोर बघत होता.

"हे पुलिया होय ना? कोरडी पडली, मंग तुमी लोकायनं खालून भरली, वरून बांधली. माह्या डोळ्यासमोर बांधली, अन् मी पाणी देऊन राहिली होती सिमेंटच्या मसाल्याले! कसं इसरली मी?" मग तिचा आवाज बदलला. "पण तुमी नाही इसरले. तुमाले मालूम होतं. सगळे शोधून राहिले अन् तुमी गप."

तो म्हणाला, "फोडा लागंल."

"मंग फोडू."

"गौतमचा हात हाय त्याच्यावर." तो प्लास्टरवरून तळवा फिरवत होता. "गौतम गेला, सगळे गेले. माणूस गेल्यावर काय राह्यते? हे एवढं राह्यलं. अन् ते आपल्याच हातानं..."

"घर गेलं तं ओट्यावर झोपायचं काय?" ती ओरडली. विहारातली माणसं दारात आली. "अन् तुमचा गौतम असता तं त्यानं काय म्हणलं असतं? पहिला घण त्यानंच घातला असता!"

देवीदास उठला आणि चालायला लागला. कलावती त्याच्या पाठीमागे आणखी बरंच बोलली. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी तो घरात नव्हता.

दोन गाड्या आल्या. दोन्ही तहसीलदार, दोन्ही पटवारी, मोजणीचं यंत्र, छत्री धरणारा शिपाई. देवीदास म्हणत होता तसं कुणी चिडलेलं नव्हतं. उलट दोघंही एकमेकांना "आपका ही है, आपका ही है" म्हणत होते, जेवणाच्या बिलावर माणसं म्हणतात ना, "तुम्हीच द्या", तसं. कलावतीने सगळ्यांना थेट ओट्यापाशी नेलं.

"ये देखो. पुलिया."

तरुण पटवाऱ्याने ओट्याभोवती एक चक्कर मारली. हात फिरवला. "अम्मा, ये तो चबूतरा है."

"अंदर है."

"अंदर तो मिट्टी होती है सब चबूतरों में."

टोल्याच्या बैठकीत रात्री ओटा फोडायला सगळ्यांनी हात वर केले होते, पण आता पहार उचलायला कुणी पुढे येईना. जे काम चौघांनी एवढ्या मायेने केलं, त्यावर पहिला घाव कुणी घालायचा? कलावतीने पदर खोचला, पहार उचलली आणि हाणली. ठण्ण! पांढरी टिकली उडाली. पुन्हा हाणली. आणखी एक टिकली. सिमेंटात त्या चौघांनी काय घातलं होतं देव जाणे, पहार परत उडून तिच्या खांद्याला झिणझिण्या आणत होती. एक पोपडा म्हणून निघेना. श्रद्धा ओरडली, "आई, बस करो!" छत्रीवाला शिपाई हसला. जुन्या तहसीलदाराने घड्याळ बघितलं आणि गाडीकडे दोन पावलं टाकली.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तिथं नाही."

देवीदास होता. अंगात फॅक्टरीची जुनी निळी वर्दी, पोटावर बटण लागत नव्हतं. हातात छिन्नी आणि हातोडी. तो पहाटेच उठून पेटीच्या तळाशी पडलेली हत्यारं काढून, कांचघरला जाऊन छिन्नीला धार लावून आला होता. बोथट छिन्नीने गौतमच्या कामाला हात लावायची त्याची तयारी नव्हती.

"बाजूले व्हय," तो कलावतीला म्हणाला. मग ओट्यापुढे उकिडवा बसला, डोळे मिटले आणि बोटांनी भिंत चाचपत गेला. एका जागी बोट थांबलं. इतरांना तिथे काहीही दिसत नव्हतं. त्याने छिन्नी लावली आणि हलक्या हाताने ठोकली. मग एक वीत सरकून पुन्हा. मग खाली. आवाज बदलला, पोकळ झाला. प्लास्टरवर केसाएवढी रेघ उमटली, चौकोनात फिरली आणि अख्खा पत्रा सुटावा तशी एक लादी त्याच्या हातात उतरून आली. त्याने ती फुटू दिली नाही. दोघांच्या मदतीने भिंतीला टेकवून ठेवली.

आत काळे घडीव दगड होते. कमानीत बसवलेले, अर्धी कमान मातीत बुडालेली, दगडांवर पाण्याच्या उंचीच्या हिरवट-तपकिरी रेषा. कमानीखाली मलब्याच्याही खाली रेती होती. देवीदासने मूठभर उकरून तहसीलदारांच्या पुढे धरली. रेतीत बारके शंख होते.

म्हातारा पटवारी गुडघ्यावर बसला. मोबाइलचा टॉर्च आत मारला. "हाँ," तो शेवटी म्हणाला. "पुलिया है. और बिना नाले के पुलिया कौन बनाता है?"

नव्या तहसीलदाराचा चेहरा असा फुलला की जणू त्याच्याच घरावरची फुली पुसली गेली. "तो भाईसाहब, सीमा यहाँ है! ये सब आपके हुए. मुबारक हो!" एक लफडं कमी झालं याचा एवढा आनंद कलावतीने कुठल्या साहेबाच्या तोंडावर पाहिला नव्हता. जुने तहसीलदार मान खाजवत होते, पण दगडाला दगड नाही कसं म्हणणार? मोजणीचं यंत्र लागलं. कमानीपासून घरांपर्यंत टेप ताणला गेला. बेबीताईने सगळ्यांना सरबत दिलं. हसणाऱ्या शिपायाला सगळ्यांत शेवटी.

पुढच्या आठवड्यात वरून निकाल आला. सीमा जुन्या पात्राची. रमाई टोल्याची ओळ जुन्या तहसिलीत, पट्टे चालू, नाल्याच्या सफाईत घरांना हात लावायचा नाही. श्रद्धाने फोनवर वाचून दाखवलं, मराठीत सांगायला गेली आणि मधेच अडकली. "आई, मतलब... घर आपलं हाय." तेवढी मराठी पुरली.

त्याच दुपारी भांडी फळीवर चढली आणि कलावती झोपली, ते सुरुवातीला सांगितलंच.

ती उठली तेव्हा संध्याकाळचा भोंगा होऊन गेला होता आणि देवीदास घरात नव्हता. तिने अंदाज केला. पोळ्या, वांग्याची भाजी आणि ठेचा त्या जुन्या अल्युमिनियमच्या डब्यात भरला, जो गाठोड्यातून नुकताच बाहेर आला होता, आणि विहाराकडे गेली. लादी अजून भिंतीला टेकवलेली होती. देवीदास उघड्या कमानीपुढे उकिडवा बसून आत डोकं घालून काहीतरी बघत होता.

"काय करून राहिले? परत बुजवता का काय?"

"नाही. राहू दे उघडं. साहेब बदलतीन, तहसिली बदलतीन. पुन्हा कोणी आलं तं दाखवाले पायजे."

"मंग एवढं काय बघून राहिले?"

त्याने तिला वाकायला सांगितलं. कमानीच्या दोन दगडांमधून त्याने नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"पाह्य," तो म्हणाला, आणि आवाजात थोडा मत्सर होता. "ह्यायचाही जोड दिसत नाही."

"बरं," कलावती कठड्यावर बसली, पाय खाली सोडले आणि डब्याचं झाकण काढलं. "जेवा आता."